रिकामी बंदूक आणि नऊ वर्षांचा मुलगा

पत्र

ताई, आम्ही गोव्यात, सत्तरी तालुक्यातल्या वाळपईच्या आतल्या बाजूला, रानाला लागून असलेल्या गावात राहतो. काजूची बागायत आहे, थोडे कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग आहे. रानडुकरे आणि खेती (माकडे) काही शिल्लक ठेवत नाहीत, म्हणून सासऱ्यांकडे शेतीच्या राखणीसाठी परवान्याची ठासणीची बंदूक आहे. ती वर्षानुवर्षे माजघरात, देवखोलीच्या दारावर दोन खुंट्यांवर असते.

गेल्या शनिवारी दुपारी मी परसातून आत आले, तर माझा नऊ वर्षांचा मुलगा स्टुलावर उभा राहून ती बंदूक हातात घेऊन पाच वर्षांच्या बहिणीवर रोखून म्हणत होता, "हालू नको, तू रानडुक्कर." मी बंदूक ओढून घेतली आणि त्याच्या दोन थोबाडीत दिल्या. तेव्हापासून तो माझ्याशी धड बोलत नाही. सासरे म्हणतात, "बंदूक रिकामीच होती, उगाच पोराला मारलेस." नवरा म्हणतो, "मी दहाव्या वर्षी पहिला बार काढला. यालाही आत्ताच नीट शिकवू, म्हणजे कुतूहल संपेल. या वर्षी रात्री राखणीला घेऊन जातो." मी तूर्तास बंदूक माळ्यावर भाताच्या पोत्यांमागे लपवली आहे. मुलांना सांगून टाकावे असे मनात आहे की ती पोलिसांनी नेली. निवडणुकीला जमा करतोच, त्यांना खरे वाटेल. चवथ (गणेश चतुर्थी) जवळ आली आहे, घरात नऊ-दहा मुले गोळा होतील. माझी झोप उडाली आहे. काय करू?

ता. क. त्याला चवथीला टिकल्यांची बंदूक हवी आहे. द्यावी का?

– एक आई, सत्तरी

उत्तर

तुमच्या पत्रातले "रिकामीच होती" हे दोन शब्द मी यापूर्वी एकदा ऐकले आहेत. मी आठ वर्षांची होते आणि आम्ही मे महिन्यात आजोळी गेलो होतो. मामांकडे अशीच बंदूक होती, दाराआड टेकवून ठेवलेली. माझा भाऊ अकरा वर्षांचा. मोठी माणसे जेवून लवंडली होती. भावाने ती उचलली, कोनाड्यातल्या डबीतून ठिणगी देणारी एक केप काढून बसवली, कारण मामांना त्याने तसे करताना पाहिले होते, आणि घोडा पाडला. बार छपरातून गेला. एक मंगलोरी कौल फुटले आणि आम्ही सगळी पोरे धुरात खोकत उभी राहिलो. मामा धावत आले आणि पहिले वाक्य बोलले, "ती रिकामी होती!" भावाला बेदम मार बसला. तो संध्याकाळपर्यंत काजूंत जाऊन बसला होता, त्याच्या कानात आठवडाभर शिट्टी वाजत होती. आज साठी उलटली तरी चवथीला फटाके लागायला लागले की तो आत जाऊन बसतो. फुटलेले कौल पावसाळ्याआधी बदलले असणार, पण माझ्या डोळ्यांपुढे आहे ते माजघराच्या शेणाने सारवलेल्या जमिनीवर पडलेले उन्हाचे रुपयाएवढे वर्तुळ. तिथे पोरे पाय ठेवत नव्हती.

बंदूक भरून ठेवली कोणी, हे त्या दिवशी कोणीही विचारले नाही.

मामा खोटे बोलत नव्हते. त्यांनी केप काढून ठेवली होती आणि त्यांच्या लेखी केप नाही म्हणजे बंदूक रिकामी. ठासणीच्या बंदुकीची मेख इथेच आहे. काडतुसाची बंदूक मोडून उघडता येते, आत काडतूस आहे की नाही ते डोळ्यांनी दिसते. ठासणीच्या बंदुकीत दारू, बोळा आणि छर्रे नळीच्या तोंडातून आत जातात आणि गजाने ठासले जातात. केप, म्हणजे ती तांब्याची इवलीशी टोपी, फक्त ठिणगी देते. ती काढली तरी आतला बार जागच्या जागी असतो, महिनोन् महिने असतो. बाहेरून भरलेली आणि रिकामी बंदूक हुबेहूब सारखी दिसते. वजनानेही कळत नाही.

तेव्हा पहिले काम मुलाशी बोलण्याचे नाही, सासऱ्यांशी बोलण्याचे आहे. "बाबा, ती रिकामी आहे हे आपण बघायचे कसे, मला दाखवा ना," असे विचारा. त्यांना माहीत असणारच. गज नळीत अगदी तळापर्यंत सोडतात. बंदूक खात्रीने रिकामी असताना गज नळीच्या तोंडाशी जिथे येतो तिथे खूण करून ठेवलेली असते. बार भरलेला असेल तर ती खूण चार बोटे वर राहते. गजावर अशी खूण नसेल तर या आठवड्यात करून घ्यायला सांगा. आणि गज वर राहिला, तर आतला बार काढायचे काम घरात कोणीही करायचे नाही, परवाना असलेल्या दुरुस्तीवाल्याकडे न्यायचे. तोवर नळी भिंतीकडेही नको, कारण तुमच्या घरात भिंतीपलीकडे कोण झोपते ते मला ठाऊक नाही.

सासऱ्यांवर मी डोळे वटारत नाही. सत्तरीतल्या घरात बंदुकीचे जे स्थान आहे ते मला समजते. पोर्तुगिजांविरुद्धच्या राण्यांच्या बंडांच्या गोष्टी, 1852 मधल्या दिपाजींच्या आणि 1895 मधल्या दादा राण्यांच्या, तिथे अजून ओसरीवर सांगितल्या जातात. शिगम्याला घोडेमोडणीचा तलवारीचा नाच पाहून पोरे काठीची तलवार करतात. दसऱ्याला बंदुकीला हळदकुंकू लागते. शिवाय डुकराने एका रात्रीत नांगरून टाकलेला सुरणाचा वाफा ज्याने पाहिला आहे, त्याला "बंदूक कशाला हवी?" असे पणजीत बसून विचारणे सोपे आहे. शस्त्र कायद्यात पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख नावाने आहे. पण दारावरच्या दोन खुंट्या ही बंदूक ठेवायची जागा त्या काळची, जेव्हा घरात सतत दहा मोठी माणसे असत आणि कोणी ना कोणी तिथे बसलेले असे. तुमच्या माजघरात शनिवारी दुपारी दोन मुले आणि एक स्टूल होते.

आता लपवण्याबद्दल. माळ्यावर, भाताच्या पोत्यांमागे. तुम्हाला वाटते मुलाला माहीत नाही. 2006 साली अमेरिकेच्या अलाबामा राज्यातल्या ग्रामीण भागात एक अभ्यास झाला. घरात बंदूक असलेल्या आईवडिलांना आणि त्यांच्या मुलांना वेगवेगळे बसवून तेच प्रश्न विचारले. "बंदूक कुठे ठेवतो ते मुलाला माहीत नाही," असे ज्यांनी सांगितले, त्यांतल्या 39 टक्के आईबापांची मुले नेमकी जागा सांगून मोकळी झाली. "आमच्या मुलाने कधी हात लावलेला नाही" म्हणणाऱ्यांतही 22 टक्क्यांच्या मुलांनी लावल्याचे सांगितले. अलाबामा आणि सत्तरी यांच्यात समुद्र आहे, पण आईने लाडवांचा डबा कुठे लपवला हे हुडकणारी नऊ वर्षांची मुले दोन्हीकडे तीच. लपवलेली बंदूक ही खुंटीवरच्या बंदुकीपेक्षा वाईट. खुंटीवरची सगळ्यांना दिसते. माळ्यावरची ज्याला सापडेल तो एकटा असतो, आणि चोरून गेलेला असल्यामुळे काही विपरीत घडले तरी हाक मारणार नाही.

आणि "पोलिसांनी नेली" हे तर सांगूच नका. एक तर सासरे पहिल्याच डुकराला ती बाहेर काढतील आणि तुम्ही उघड्या पडाल. त्याहून मोठे कारण असे की ज्या गोष्टीबाबत मुलाने तुमच्याकडे खरे बोलायला यावे असे तुम्हाला वाटते, त्याच गोष्टीबाबत आई खोटे बोलते हे त्याला कळेल. निवडणुकीत बंदूक ठाण्यात जमा असते तेव्हा जमा आहे असे सांगा. परत आली की परत आली असेही सांगा. मला तर तो परत येण्याचा दिवस जास्त काळजीचा वाटतो. पाच-सहा आठवडे घरात बंदूक नसते, सगळ्यांचे सावधपण ढिले पडलेले असते, आणि ती आणून "जरा वेळ" म्हणून सोप्यावर टेकवली जाते.

मग ठेवायची कुठे? कुलपात, आणि त्या कुलपाची किल्ली परवाना ज्यांच्या नावावर आहे त्यांच्या जानव्याला, करगोट्याला, जिथे ते बांधतील तिथे, पण अंगावर. गादीखालची किल्ली म्हणजे किल्ली नव्हे. लांब नळी साध्या लोखंडी कपाटात मावत नाही, म्हणून लोक कंटाळा करतात. वाळपईत किंवा होंड्याला ग्रिलची कामे करणारा कोणीही उभी अरुंद पेटी करून देईल. ती भिंतीत बोल्टने पक्की करायची. पेटी येईपर्यंत निदान चापाच्या कडीतून साखळी ओवून खांबाला कुलूप घाला. आत ठेवायची ती बार काढलेली. "डुक्कर आले तर भरायला वेळ कुठे?" असे सासरे विचारतील. त्यांना सांगा, डुक्कर एखाद्या रात्री येते, मुले रोज शाळेतून घरी येतात.

दारू, छर्रे आणि केपा वेगळ्या कुलपात. इथे मी थोडी थांबणार आहे, कारण तुमच्या पत्रात यांचा उल्लेखच नाही आणि मला बंदुकीइतकीच त्यांची धास्ती वाटते. श्रावण चालू आहे. पावसात दारू सादळते, म्हणून ती चुलीच्या वरच्या फळीवर ठेवणारी घरे मी पाहिली आहेत. ऊन पडले की सुपात घालून अंगणात वाळवणारीही पाहिली आहेत. तुमच्याकडे तसे असेल तर हे वाचून होताच उठा. केपांचे दुखणे आणखी वेगळे. मुलांना त्या अगदी टिकल्यांसारख्या दिसतात. चवथीला टिकल्यांची बंदूक मोडली की पोरे काय करतात? टिकल्या दगडावर ठेवून दगडाने ठेचतात. आपणही केले आहे. तोच प्रयोग केपेवर केला तर तांब्याचे तुकडे उडतात, आणि ते ठेचणारे पोर नीट दिसावे म्हणून तोंड खाली घालून बसलेले असते. डबीत केपा किती आहेत हे सासऱ्यांना मोजून ठेवायला सांगा. छर्रे शिशाचे असतात, तेव्हा ते हाताळल्यावर हात साबणाने धुवायचे, आणि ही शिस्त मोठ्यांनीही पाळायची.

तुमच्या यजमानांचे म्हणणे मला पूर्णपणे टाकाऊ वाटत नाही. कुतूहल दाबून संपत नाही, हे त्यांचे बरोबर आहे. पण शिकवले की मूल हात लावणार नाही, हा त्यांचा भरवसा फसवा आहे. याचीही परीक्षा झाली आहे. 2001 साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात 8 ते 12 वर्षांच्या 64 मुलग्यांना दोन-दोन, तीन-तीनच्या गटांत एका खोलीत बसवले. खोलीतल्या एका खणात खरे पिस्तूल ठेवले होते, अर्थात गोळ्या नसलेले. काचेआडून मोठी माणसे पाहत होती. पंधरा मिनिटांत 48 मुलांना ते सापडले. 29 गटांपैकी ज्या 21 गटांना ते मिळाले, त्यांतल्या 16 गटांनी ते हाताळले, 10 गटांत कोणीतरी चाप ओढलासुद्धा. ज्यांना सापडले त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांना ते खेळणे वाटले किंवा खरे-खोटे ठरवता आले नाही. आणि ज्यांनी हाताळले, त्यांतल्या सुमारे 90 टक्के मुलांना आधी कोणीतरी बंदुकीबद्दल "शिकवलेले" होते. ही वांड पोरे नव्हती. तुमच्या मुलासारखीच होती.

शिकवण पाण्यात गेली असे मी म्हणत नाही. पण उपदेश ऐकलेले मूल तो घडाघडा म्हणून दाखवते आणि खण उघडल्यावर विसरते. करून घेतलेली गोष्ट मात्र हातापायांत बसते. म्हणून मुलाला चार गोष्टी पाठ करायला नाही, करायला शिकवा. बंदूक दिसली की थांबायचे. हात लावायचा नाही, दुसऱ्याला लावू द्यायचा नाही म्हणून भांडतही बसायचे नाही. धाकटीचा हात धरून तिथून निघायचे. आणि मोठ्या माणसाला सांगायचे. हे घरात खेळासारखे करा. काठी खुंटीवर ठेवा, "ही बंदूक समज" म्हणा, तुम्ही स्वयंपाकघरात जा आणि तो काय करतो ते पाहा. पाच वर्षांच्या मुलीकडूनही करून घ्या. तिच्यासाठी तर "निघ आणि सांग" एवढेच पुरे. पुन्हा पंधरा दिवसांनी, न सांगता, काठी कुठेतरी वेगळ्याच जागी. शाळेत आगीचा सराव घेतात ना, तसे.

यातली शेवटची पायरी सर्वांत अवघड आहे, आणि ती तुमच्यावर आहे. मुलगा येऊन सांगेल, "आई, मामांच्या खोलीत बंदूक आहे," तेव्हा तुमच्या तोंडून पहिला शब्द काय निघतो? "तू तिथे कशाला गेला होतास?" निघाला, तर तो पुढच्या वेळी सांगणार नाही. शनिवारच्या त्या दोन थोबाडीतांना मी दोष देत नाही. तुमच्या जागी मी असते तर माझाही हात उठला असता, आणि बहुधा दोनवर थांबला नसता. पण मार खाल्ल्यावर माझा भाऊ काय शिकला ते मी पाहिले आहे: बंदूक वाईट नव्हे, सापडणे वाईट. मुलाला जवळ घ्या आणि सरळ सांगा, "मी घाबरले होते म्हणून मारले. तुझी बहीण समोर होती. ती नळी भरलेली असती तर ती आज नसती. मारायला नको होते, पण मी घाबरले ते खोटे नव्हते." नऊ वर्षांच्या मुलाला एवढे कळते. नंतर त्याला विचारा, बंदूक खाली कशी काढली, याआधी किती वेळा काढली होती. उत्तर ऐकताना चेहरा सांभाळा. मला वाटते शनिवारची ती पहिली वेळ नसावी.

रात्री राखणीला नेण्याबद्दल माझे उत्तर स्पष्ट नाही असे आहे, आणि ते यजमानांना माझ्या नावाने सांगा. कपाळाला बॅटरी लावून अंधारात दिसतात ते दोन चमकणारे डोळे. ते डुकराचे की शेजाऱ्याच्या कुत्र्याचे, हे ठरवायला क्षण मिळतो. रानात शिकारीला गेलेल्याला सोबत्याचाच बार लागल्याच्या बातम्या आपण सत्तरीतून वाचत आलो आहोत. त्यांत सगळी मोठी, वर्षानुवर्षे बंदूक वापरलेली माणसे होती. बरे, बंदूक परवान्यावर ज्यांच्या नावाने आहे ते सासरे. परवाना माणसाला असतो, घराण्याला नसतो. यजमानांचे नाव त्यावर नसेल तर "मी घेऊन जातो" इथेच गाडी अडते. 21 वर्षे पुरी होईपर्यंत मुलाला परवाना मिळणार नाही. शेतीच्या राखणीचा परवाना हा शिकारीचा परवानाही नाही. गवा तर आपला राज्यप्राणी, आणि म्हादई अभयारण्याची हद्द तुमच्या बागायतीपासून किती लांब आहे ते तुम्हालाच ठाऊक. यजमानांनी दहाव्या वर्षी बार काढला आणि सगळे सुखरूप राहिले, याचा मला आनंद आहे. माझ्या भावानेही अकराव्या वर्षी काढला. छपराच्या जागी मी असू शकले असते.

मुलाला खरोखरच नेमबाजीची ओढ असेल, तर त्यासाठी रात्रीची राखण नव्हे, दिवसाढवळ्याची रेंज आहे. आठवीत गेल्यावर शाळेत एनसीसी असेल तर तिथे .22 रायफल हाताळायला मिळते, शिस्तीत, शिक्षकाच्या नजरेखाली. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफलचे कांस्यपदक आणणारा स्वप्निल कुसाळे कोल्हापूरजवळच्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, म्हणजे तुमच्यासारख्याच गावचा. रेंजवर मूल आधी काय शिकते माहीत आहे? नळी कायम निशाणाच्या दिशेने, बोट चापाबाहेर, आणि हुकूम येईपर्यंत हात बंदुकीला लागत नाही. नेम नंतर. यजमानांना हे त्यांच्या पद्धतीने घरात शिकवायचे असेल तर काठीने शिकवू देत: कुठलीही बंदूक भरलेलीच समजायची, ज्याला इजा करायची नाही त्याच्यावर ती कधी रोखायची नाही. काठीसुद्धा नाही.

हे सगळे सासऱ्यांच्या गळी कसे उतरवायचे, हा तुमचा खरा प्रश्न आहे असे मला पत्र दुसऱ्यांदा वाचताना वाटले. सून म्हणून तुम्ही "पेटी करा, किल्ली कमरेला लावा" म्हणालात तर ते ऐकणार नाहीत, उलट रुसतील. म्हणून त्यांना गुरू करा. घरात परवानाधारक ते एकटेच, मग नातवंडांना सांगायचा मानही त्यांचाच. खंडेनवमीला बंदूक पाटावर येईल, तेव्हा सगळ्या मुलांना समोर बसवून त्यांनीच सांगावे की ही कशाने भरते, हिने काय होते, डुकराच्या अंगात छर्रे गेले की काय दिसते. हे शेवटचे लपवू नये. मुलांनी बंदूक पाहिलेली असते ती पडद्यावर, जिथे माणूस पडतो आणि पुढच्या चित्रपटात उठून नाचतो. पूजा झाली की त्यांनी मुलांसमोर ती पेटीत ठेवून कुलूप घालावे. मुलांना एवढेच सांगायचे: हिला हात जोडायचे, लावायचे नाहीत. आजोबांच्या तोंडून आलेले हे वाक्य तुमच्या शंभर वाक्यांना भारी पडेल. त्यांना आवडेलही. म्हातारपणी कोणी काही शिकवायला सांगितले की माणूस सरळ बसतो.

पण दसऱ्याआधी चवथ आहे. पेटी तोवर झाली नाही तर बंदूक त्या दिवसांत घरात मोकळी राहणार नाही, एवढे आजच ठरवा. परवानाधारक विक्रेत्याकडे ती काही दिवस सुरक्षित ठेवता येते का, हे सासऱ्यांनी चौकशी करून पाहावे. गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधायला माणसे स्टुले-शिड्या घेऊन माजघरात चढतात-उतरतात, म्हापशाची-पुण्याची मुले "हे काय, ते काय" करत घरभर हिंडतात, आणि तुमचा मुलगा घरचा यजमान असल्यामुळे त्याला पाहुण्यांना काहीतरी खास दाखवायचे असते. तुमच्या घरात खास काय आहे? तसेच तुमची मुले दुसऱ्याच्या गावी जातील तेव्हा तुम्हीही विचारायला लाजू नका. "तुमच्याकडे बंदूक आहे का?" हे तोंडातून निघत नाही हे मला कळते. "डुकरांचा त्रास आमच्याकडे भारी, तुमच्याकडे कसा? तुम्ही तुमची बंदूक कुठे ठेवता हो? आम्ही आता पेटी करतोय," एवढे बोललात की दुसरी बाई आपणहून सांगते.

एखादा भाचा पाइपची कार्बाइड गन (कार्बाइडच्या वायूने बार उडवणारी नळी) घेऊन आला तर ती तिथेच काढून घ्या. शेतकरी माकडे हाकलायला ती वापरतात म्हणून ती निरुपद्रवी वाटते. 2025 च्या दिवाळीत मध्य प्रदेशात तिने कित्येक मुलांचे डोळे गेले. उडाली नाही की पोर नळीत डोकावते, आणि नेमकी तेव्हा उडते. छर्ऱ्याच्या साध्या एअर गनला परवाना लागत नाही, पण डोळ्याला त्याने काही फरक पडत नाही.

तुमच्या ताज्या कलमाबद्दल: टिकल्यांची बंदूक द्या. लाल किंवा हिरव्या प्लास्टिकची, खऱ्यासारखी काळी नको. ती माणसावर रोखायची नाही, हा नियम तिलाही लागू. आणि टिकल्या देताना डबी तुमच्याकडे, एका वेळी एकच पट्टी. ती मोडली की तो टिकल्या दगडाने ठेचणारच, तेव्हा अंगणात बसवा आणि धाकटीला दूर घ्या.